उजनीचं पाणी: तळं म्हणायचं की नदी?

उत्तर_कसबा · रविवार, रात्री ९:४०

परवा पुण्याहून सोलापूरला येताना पळसदेवजवळ गाडी बाजूला घेतली. उजनी बरीच उतरलीय, जुन्या गावातलं देऊळ पाण्यातून पार बाहेर आलंय. पोरगं सहावीत आहे. बराच वेळ बघत उभं होतं, मग म्हणालं, "पप्पा, हे तळं आहे का नदी?"

मी म्हणालो, धरण.

"धरण म्हणजे भिंत. ती तिकडं भीमानगरला. हे समोरचं पाणी काय आहे?"

आता बोला! परीक्षेत त्यानं 'नदी आणि सरोवर यांतील फरक' व्यवस्थित लिहिलाय: नदी वाहते, सरोवर थांबलेलं असतं, नदी लांब, सरोवर पसरट, नदीला उगम आणि मुख, सरोवराला फक्त काठ. गुणही पडले. पण उजनी लांबही आहे, पसरटही आहे, थांबलेलीही आहे आणि खालून वाहतेही आहे. शिवाय कागदोपत्री नाव यशवंतसागर, म्हणजे चक्क समुद्र! माझा धंदा चादरींचा, मला यातलं काय कळणार? टेंभुर्णीपर्यंत मी विषय टाळला. घरी आल्यावर त्यानं परत काढला. जाणकारांनी सांगा.

शेंगाचटणी · रविवार, रात्री ९:५२

काय बे, एवढ्यासाठी धागा काढूलालाय? पाणी आहे ना, प्या की. मिळालं तर.

नळाची_वाट · रविवार, रात्री ९:५५

'मिळालं तर' हे बरोबर. आमच्या गल्लीत आज चौथा दिवस.

वाळूचा_कण · रविवार, रात्री १०:३१

मालक, पोराला शाबासकी द्या. पाटबंधाऱ्यात माझी नोकरी गेली, पण इतका सरळ प्रश्न आम्हाला कुणी विचारला नाही.

'वाहतं' आणि 'थांबलेलं' अशी तोड करता येत नाही. तळ्यातलं पाणीही हलतं, वाऱ्यानं ढवळतं, सांडव्यावरून जातं, भरावाखालून झिरपतं. आणि उन्हाळ्यात नदीच्या डोहातलं पाणी महिनाभर जागचं हलत नाही. मग विचारायचं काय? आत आलेला थेंब बाहेर पडेपर्यंत किती दिवस राहतो, ते. याला मी आपला मुक्काम म्हणतो. नदीत थेंबाचा मुक्काम दिवसांत मोजायचा. जगातल्या नद्यांची सरासरी साधारण दोन आठवडे धरतात. सरोवरात तोच वर्षांत जातो. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं सुपीरियर सरोवर आहे, त्यातलं सगळं पाणी एकदा बदलायला १९१ वर्षं लागतात. बैकालला तीनशेच्या वर. बैकालमध्ये येणाऱ्या नद्या तीनशेहून जास्त आणि बाहेर जाणारी एकच, अंगारा. खोली १,६४२ मीटर. एवढ्या मोठ्या घरातून पाहुणा लवकर कसा निघेल?

आता उजनी घ्या. पूर्ण भरली की ११७ टीएमसी. ऑगस्टात दौंडवरून पाणी रेटतं तेव्हा खाली भीमेत एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला लाख घनफूट, सोडल्याचं आपण सगळ्यांनी पाहिलंय. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. लाख क्युसेकनं ते १०,००० सेकंदांत जातं, म्हणजे पावणेतीन तासांत. ११७ टीएमसीला झाले साडेतेरा दिवस. दोन आठवडेच!

आता उन्हाळा. समजा ३,००० क्युसेकनं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरलेल्या पाळीचं पाणी, चालू आहे. त्याच ११७ ला लागतात साडेचारशे दिवस. सव्वा वर्ष.

म्हणजे पोराला सांगा, ऑगस्टात बघितलं असतंस तर नदी, एप्रिलमध्ये बघितलंस म्हणून तळं. मी थट्टा करत नाही. पाणी तेच, भिंत तीच, जागा तीच. मुक्काम बदलला की पाण्याचा सगळा स्वभाव बदलतो. कसा, ते सवडीनं लिहितो.

शंकासूर · रविवार, रात्री ११:०४

गणित बरोबर, पण गृहीतक लटपटतंय. ११७ मधले ६३.६५ टीएमसी मृतसाठा आहे. कालव्यातून जायचं ते वरच्या ५३.५७ मधून. त्याला ३,००० नं भागा, २०७ दिवस येतात. सव्वा वर्ष नाही.

आणि पुरातही सगळे ११७ टीएमसी शिस्तीनं रांगेत उभे राहून बाहेर पडत नाहीत. वरून आलेलं पाणी वरच्या वर दरवाजातून निघून जातं, तळाशी जुनं बसलेलंच असतं.

वाळूचा_कण · रविवार, रात्री ११:१८

मान्य. सरासरीचा हिशोब हा असाच असतो, कुणाच्या घरात कोण किती दिवस राहिलं ते त्यातून कळत नाही.

पण तुम्ही म्हणता त्यातून माझंच म्हणणं पुढं जातं. उजनीत दोन पाणी आहेत. वरचं ये-जा करणारं, खालचं बसून राहिलेलं. उजनीचं वैशिष्ट्य म्हणजे बसलेलं पाणी फिरत्या पाण्यापेक्षा जास्त आहे. वरच्या मजल्यावर नदी राहते, तळमजल्यावर तळं.

शंकासूर · रविवार, रात्री ११:२१

आणि उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेल्यावर? तेव्हाही शहरासाठी नदीत पाणी सोडतातच की. तळमजलाही भाड्यानं दिलाय.

शेंगाचटणी · रविवार, रात्री ११:२४

झोपा आता.

केरे_होळे · सोमवार, सकाळी ७:१५

माझ्या आजीला हा प्रश्न पडला नसता. आम्ही घरी कन्नड बोलतो. तिच्या लेखी तीन गोष्टी वेगळ्या होत्या: केरे, होळे आणि हळ्ळ. केरे म्हणजे माणसांनी बांधलेलं तळं, होळे म्हणजे नदी, हळ्ळ म्हणजे ओढा. भीमेला ती नावानं हाक मारायचीच नाही, नुसतं 'होळे'. शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबात तळ्याला चेरुवु म्हणतात आणि ओढ्याला वागु. एका गल्लीत तीन भाषा, पण बांधलेलं पाणी आणि आलेलं पाणी यांची गल्लत कुणीच करत नव्हतं.

मराठीतही बघा ना. नदीला पात्र असतं, तळ्याला पोट. नदीला पूर येतो, तळं भरतं. नदी पात्र सोडते, तळं सांडतं, आणि फार झालं तर फुटतं. नदी फुटली असं कुणी म्हणतं का? म्हणींमध्येही तेच. नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, तळ्याचं मूळ शोधायची गरजच नाही, कुणी बांधलं ते गावाला माहीत असतं. म्हणूनच तळे राखी तो पाणी चाखी. नदीला असा राखणदार नाही, ती स्वतःच आई. तिची ओटी भरतात. तळ्याची ओटी भरलेली मी तरी पाहिली नाही. कुणी पाहिली असेल तर सांगा, मी शब्द मागे घेईन.

आपल्या सिद्धेश्वर तळ्याचंच घ्या. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी होतं तेव्हा सिद्धरामेश्वरांनी लोकांना घेऊन ते खणलं. वचनकार होते, बसवेश्वरांच्या काळातले. माणसांनी पाणी साठवायची जागा करणं हीच त्यांची पूजा. नदी काठाला नसलेलं हे गाव उभं राहिलं ते तळ्याच्या जिवावर. पंढरपूरला चंद्रभागा आपोआप मिळाली, आपल्याला तळं खणावं लागलं.

(दख्खनच्या या काळ्या खडकात नैसर्गिक सरोवरं जवळजवळ नाहीतच. हिमनद्यांनी खड्डे कोरायला इथं हिमनद्याच नव्हत्या. आपलं प्रत्येक 'तळं' म्हणजे कुणाचा तरी घाम.)

शंकासूर · सोमवार, सकाळी ९:०२

लोणार?

केरे_होळे · सोमवार, सकाळी ९:०६

म्हणून 'जवळजवळ' लिहिलं, मालक. लोणार आकाशातून पडलेल्या दगडानं खणलं.

पोहणारा_अप्पा · सोमवार, दुपारी १:३०

मी शास्त्र शिकलेलो नाही. पन्नास वर्षं पोहतोय, विहिरीत, तळ्यात, नदीत. पायांना काय कळतं ते सांगतो.

उन्हाळ्यात तळ्यात उडी मारली की वरचं पाणी कोमट लागतं, अंघोळीच्या पाण्यासारखं. उभं राहून पाय खाली सोडले की गुडघ्याखाली एकदम गार. मध्ये पातळ पडदा असल्यासारखं. खोल विहिरीतही तसंच. नदीत मात्र वर-खाली सारखं. वाहतं पाणी स्वतःला ढवळत असतं, त्यात पडदा टिकत नाही.

दुसरं म्हणजे भीती वेगळी. नदी माणसाला ओढते, तळं धरून ठेवतं. नदीत भोवरा आणि धार, तळ्यात गाळ. नदीत अडकलात तर धारेशी भांडू नका, धारेबरोबर जात जात तिरकं काठाकडं सरका. तळ्यात गाळात पाय टेकवू नका, आडवे व्हा. पोराला हा फरक पहिला शिकवा, गुण नंतर.

आणि एक विचारायचं होतं. आपल्या तळ्यात मध्येच एखाद्या सकाळी मासे मरून तरंगतात. आदल्या संध्याकाळी तर उड्या मारत असतात. नदीत असं रातोरात झालेलं मी पाहिलं नाही. असं का?

वाळूचा_कण · सोमवार, रात्री ९:१०

अप्पा, तुमच्या पायांना जे कळतं त्यासाठी आम्ही दोरीला तापमापक बांधून होडीतून फिरायचो.

गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली बसतं. उन्हाळ्यात तळ्याचे असे दोन थर होतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या थराला हवा लागते, ऊन लागतं, शेवाळ वाढतं. ते मेलं की खाली पडतं आणि तळाशी कुजतं. कुजण्यात प्राणवायू खर्च होतो, आणि पडद्यामुळं वरून नवा येत नाही. खालचं पाणी गुदमरतं. मग एखाद्या दिवशी वादळी वारा येतो, वळवाचा गार पाऊस पडतो, थंडीत वरचं पाणी जड होतं, आणि पडदा फाटतो. खालचं बिनप्राणवायूचं पाणी वर येतं. मासे गेले.

दुसरं कारण रात्रीचं. हिरवंगार शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री ते स्वतःच घेतं. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी. म्हणून मासे सकाळी मेलेले दिसतात. निर्माल्य, सांडपाणी, साबण हे सगळं शेवाळाचं खत. नदीत तेच टाकलं तर नदी साफ राहते असं नव्हे, ती फक्त पुढच्या गावाकडं ढकलते. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, वाटेत दिसत नाही, आणि उजनीत आल्यावर पाण्याला मुक्काम मिळतो तेव्हा हिरवं होऊन वर येतं. खत वरून, ऊन फुकट, आणि राहायला शंभर दिवस. शेवाळाला दुसरं काय लागतं?

वाहत्या नदीत तेवढाच वेळ मिळत नाही. शेवाळाला दुप्पट व्हायला एक-दोन दिवस लागतात, तोवर पाणी पुढच्या तालुक्यात.

सीनाकाठची · सोमवार, रात्री ९:४८

तुमचं सगळं वाचलं. मोहोळ तालुक्यातली आहे, शेत सीनेला लागून. आम्ही बायका नदी आणि तळं हातानं ओळखतो. मूठभर तळ घ्या. वाळू लागली तर नदी, गाळ लागला तर तळं.

कारण साधं आहे. पाणी पळत असलं की बारीक माती धरून नेतं, जड वाळू मागं टाकतं. पाणी थांबलं की बारीक मातीही सोडून देतं. धरणाच्या पोटातही हेच दिसतं: वरच्या टोकाला जिथं नदी आत येते तिथं वाळू, भिंतीकडं जावं तसा लोण्यासारखा गाळ. धरण उतरलं की त्या उघड्या जमिनीवर गाळपेर करतात. ना खत ना पाणी, नुसत्या ओलीवर कलिंगड, काकडी येते. गावतळ्यातला गाळ शेतात टाकायची पद्धत तर जुनीच, २०१७ मध्ये सरकारनं त्याची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' म्हणून योजनाही केली. आमच्या मुरमाड तुकड्यावर दोन वर्षं टाकला, ज्वारी कमरेची खांद्याला गेली.

पण गाळ भरत गेला की तळं मरतं, हेही खरं. नदी म्हातारी होते तशी रुंद होते. तळं म्हातारं होतं तसं उथळ होतं आणि शेवटी त्याचं शेत होतं. आमच्या शिवारात बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव झाला. सासूबाईंनी त्यात पाट्या टाकल्यात. आता त्यात बाभळी आहेत.

आणि नदीची वाळू गेली की काय होतं तेही बघतोय. वाळू म्हणजे नदीचा स्पंज. पावसाळा संपला तरी वाळूत पाणी असायचं, हातानं झरा उकरला की घागर भरायची. वाळू उपसली, खाली खडक उघडा पडला. आता पाऊस थांबला की आठ दिवसांत नदी कोरडी.

सीनेला नदी म्हणावं का, हाच मला प्रश्न आहे. वर्षातले बरेच महिने तिच्यात जे पाणी दिसतं ते भीमेचं, उजनीवरून बोगद्यातून सोडलेलं. बंधाऱ्यापासून बंधाऱ्यापर्यंत साठलेलं. म्हणजे माळेसारखी तळीच. आम्हीही विसरलो होतो ती नदी आहे. २०२५ च्या सप्टेंबरात तिनं आठवण करून दिली. लांबोटीला हायवे बंद, आमच्या उसात छातीभर पाणी, चार दिवस. पाणी उतरल्यावर रानात बघितलं तर एका कोपऱ्यात वाळूचा ढीग आणि दुसऱ्या कोपऱ्यात गाळाचा थर. नदीनं शेतात वेगानं यावं आणि तळं होऊन बसावं, दोन्ही एकाच रानात.

केरे_होळे · सोमवार, रात्री १०:०५

वहिनी, शेवटचं वाक्य वाचून थांबलो.

शेंगाचटणी · सोमवार, रात्री १०:११

ताई, मी वर थट्टा केली होती. सांभाळून घ्या. पंचनाम्याचं काय झालं?

सीनाकाठची · सोमवार, रात्री १०:१४

त्याचा वेगळा धागा काढावा लागेल.

शंकासूर · मंगळवार, सकाळी ८:४०

मुक्कामाचा सिद्धांत पटतोय, पण त्याला एक शेपूट जोडतो: दार आहे का नाही.

लोणारचं उदाहरण घ्या. काठावरून झरे आत येतात, बाहेर जायला वाट नाही. पाणी जातं ते फक्त वाफ होऊन, आणि वाफ क्षार बरोबर नेत नाही. म्हणून लोणार खारट, आणि नुसतं खारट नव्हे तर खाऱ्या सोड्यासारखं, पीएच दहाच्या आसपास. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, आठवतंय? पाणी आटून क्षार वाढले आणि खारट पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी रंग धरला. ज्या तळ्याला दार आहे ते गोडं, नाही ते खारं. सुपीरियरला दार आहे, मृत समुद्राला नाही. कॅस्पियनलाही नाही, म्हणून नाव समुद्र असूनही ते जगातलं सगळ्यात मोठं सरोवर. तेव्हा यशवंतसागर या नावावर जाऊ नका.

नदीचंही तसंच. सगळ्या नद्या समुद्राला मिळतात हे पुस्तकातलं वाक्य राजस्थानातली लुणी ऐकत नाही, ती कच्छच्या रणात जिरते. आपली भीमासुद्धा भीमाशंकरला निघून ८६१ किलोमीटर चालून समुद्राला जात नाही, रायचूरकडं कृष्णेला मिळते.

आणि केरे_होळे, 'ती स्वतःच आई' यावर एक हरकत. ब्रह्मपुत्र आणि शोण हे नद आहेत, पुल्लिंगी.

केरे_होळे · मंगळवार, सकाळी ८:५५

हरकत नोंदवली. त्यांची ओटी भरू नका.

नळाची_वाट · मंगळवार, दुपारी १२:२०

मला यात एकच कळतं: आपल्या घरात पाणी दोन वाटांनी येतं आणि दोन्ही वाटा उजनीतूनच निघतात. एक पाइपातून, शंभर किलोमीटरवरून. दुसरी नदीतून, म्हणजे भीमेत पाणी सोडायचं, ते पंढरपूरवरून वळणं घेत औज बंधाऱ्यात पोचायचं, तिथून टाकळीला उपसा. सोडल्यापासून पोचायला आठ-दहा दिवस जातात आणि सोडलेल्यातला थोडाच भाग शहराच्या वाट्याला येतो. कधी वाटतं वाटेत चोरी होते. वाळूचा_कण काका, नदीतून आणायचं म्हणजे इतकं सांडतं का? पाइपातून आणलं तर नाही सांडत.

वाळूचा_कण · मंगळवार, रात्री ८:३५

कारण पाइप म्हणजे नदी नाही. पाइपाला फक्त दोन टोकं असतात. नदीला सगळ्या अंगाला तोंडं असतात.

कोरड्या पात्रात पाणी सोडलं की ते आधी पात्रालाच पाजावं लागतं. वाळूतल्या, काठातल्या, काठाच्या विहिरीतल्या रिकाम्या जागा भरतात. मग वाटेतला प्रत्येक बंधारा आधी स्वतः भरतो, मग पुढं सोडतो. दोन्ही काठांना मोटारी आहेत, त्यांना चोरी म्हणायचं की हक्क, ते तुम्ही आणि सीनाकाठच्या ताई ठरवा. वर ऊन. आपल्याकडं उघड्या पाण्याची वर्षाला दीड-दोन मीटर वाफ होते, पाऊस त्याच्या निम्म्यानंही पडत नाही. आठ-दहा दिवस लांब पट्टी करून पाणी उन्हात पसरायचं म्हटल्यावर ते उडणारच.

पण हेच पाणी पावसाळ्यानंतर उलटं वाहतं. नोव्हेंबरात पाऊस नसताना ओढ्या-नद्यांत जे पाणी दिसतं ते जमिनीतून पाझरलेलं असतं. काठाच्या विहिरींची पातळी नदीपेक्षा वर असते तोवर जमीन नदीला पाजते, खाली गेली की नदी जमिनीला. आपला काळा खडक फार पाणी धरत नाही, म्हणून हा उलटफेर लवकर होतो. तळ्याचं असं नाही. डोंगरातली काही सोडली तर तळी बहुतेक वेळ देणारीच. हिप्परग्याखालच्या विहिरी उन्हाळ्यात का टिकतात ते बघा.

हिप्परगा म्हणजे एकरुख तलाव. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, नोकरीची सुरुवात तिथं झाली म्हणून.

१८७१ मध्ये इंग्रजांनी आदिला नदीवर मातीचा भराव घालून तो केला. आदिला किती लोकांना माहीत आहे? तुळजापूरच्या बाजूनं येते, लहान नदी, पावसाळ्यातच जागी होणारी. तलाव एवढा मोठा झाला की नदीचं नाव पुसलं गेलं. तलावाखाली तीच आदिला शहराच्या कडेनं जाते, तिला लोक नाला म्हणतात. वर तलाव, खाली नाला, नदी कुठंच नाही. आणि आता त्या तलावात उपसा सिंचन योजनेतून उजनीचं पाणी येतं. म्हणजे भीमेचं पाणी आदिलेच्या घरात, आदिलेचं नाव कुणाच्याच तोंडात नाही.

संध्याकाळी भरावावर उभं राहिलं की पश्चिमेकडून वारा येतो, लाटा पिचिंगवर, म्हणजे भरावाच्या दगडी अस्तरावर आपटतात. समुद्रासारखा आवाज. मुकादम सांगायचा, साहेब, नदीचा आवाज एकाच बाजूला जातो, तळ्याचा फिरून परत येतो. त्यावेळी हसलो होतो. पिचिंगचे दगड पुढं दरवर्षी आम्हीच बदलायचो, कारण नदी आपला काठ एका बाजूनं खाते, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, आणि आतल्या अंगाला वाळू टाकून भरपाई करते. तसंच वळण घेत पंढरपूरला चंद्रकोर झाली. तळ्याच्या लाटा मात्र वारा असेल त्या काठाला सतत मारत राहतात, भरपाई नाही.

पोहणारा_अप्पा · मंगळवार, रात्री ९:००

मुकादमाचं बरोबर आहे. पाण्यात कान बुडवून ऐका.

मासळी_बाजार · मंगळवार, रात्री ९:२७

सगळे बोलले, माशाला कुणी विचारलं नाही. गिऱ्हाईक रोज विचारतंय, नदीचा आहे का धरणाचा?

धरणाचा म्हणजे बहुतेक चिलापी. हा मासा आपल्याकडचा नव्हे, आफ्रिकेतला. त्याला थांबलेलं, कोमट, हिरवं पाणी आवडतं, उजनी झाल्यावर तो माजला. नदीचा मासा धारेला तोंड करून पोहणारा, पहिल्या पुराला वर चढून अंडी घालणारा. भिंत आल्यावर चढायचं कुठं? कटला, रोहू धरणात मोठे होतात पण त्यांचं बी बहुतेक बाहेरून सोडावं लागतं, कारण अंडी घालायला त्यांना पुराची धार लागते. वाम अजून मिळते, भाव विचारू नका.

चवीत फरक आहे. धरणाच्या माशाला उन्हाळ्यात मातीचा वास मारतो. हळद-मीठ लावून ताकात ठेवा, कमी होतो.

शंकासूर · मंगळवार, रात्री ९:३३

तो वास मातीचा नाही, शेवाळ आणि जिवाणू जे रसायन सोडतात त्याचा. पहिल्या पावसाच्या वासातलं तेच.

मासळी_बाजार · मंगळवार, रात्री ९:३५

ताक चालतंय ना? झालं.

उत्तर_कसबा · बुधवार, रात्री ९:१५

मंडळी, तीन दिवस रोज रात्री जेवण झाल्यावर हा धागा पोराला मोठ्यानं वाचून दाखवतोय. आजोबाही येऊन बसतात. ते हातमागावरचे, ते म्हणाले नदी म्हणजे ताणा, सरळ पुढं जाणारा, बंधारे म्हणजे बाणा, आडवे. शास्त्रात बसतंय का माहीत नाही.

पोरानं वहीत काय लिहिलंय ते देतो, शुद्धलेखन मी सुधारलंय: "उजनी पावसाळ्यात नदी असते आणि उन्हाळ्यात तळे असते. तिच्या तळाशी कायम तळे असते. तिच्यात दौंडकडून नदी येते व भिंतीखालून नदी जाते, त्यामुळे तिला दार आहे, म्हणून ती गोडी आहे."

गुण मिळतील की नाही शंका आहे. बाईंना विचारू म्हणतो.

पण आज त्यानं गच्चीवर नेलं मला. आमची टाकी हजार लिटरची. चार दिवसांनी पाणी येतं, टाकी भरते, चार दिवसांत आम्ही संपवतो. म्हणतो, "पप्पा, पाण्याचा मुक्काम चारच दिवस. दोन आठवड्यांपेक्षा कमी. म्हणजे आपली टाकी नदी आहे."

याला काय उत्तर देऊ?

वाळूचा_कण · बुधवार, रात्री ९:२८

हात लावून बघायला सांगा, तळाशी वाळू आहे का गाळ.

उत्तर_कसबा · बुधवार, रात्री ९:४१

गाळ. बोटभर.

नळाची_वाट · बुधवार, रात्री ९:४४

मग तळं. टाकी धुवून घ्या. थांबा, आमच्या गल्लीत आवाज येतोय, पाणी सुटलं वाटतं. मोटर लावून येतो.